पाण्याखालची पहिली विजेरी: अरुंद झोत की रुंद?

दर्यावर्दी:
स्कूबाचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेले अनेक जण पहिली विजेरी घेताना खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा पाहतात आणि तेवढ्यावरच निर्णय करतात. माझे स्पष्ट मत असे आहे की मालवण, तारकर्ली, कर्नाटकातले नेत्राणी बेट या आपल्या नेहमीच्या पाण्यासाठी झोताचा कोन आधी पाहावा, ल्युमेन नंतर. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती एकवटला आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही. १,००० ल्युमेन १०० अंशांत पसरवले असता जी तीव्रता मिळते, तिच्या सुमारे ९० पट तीव्रता तोच प्रकाश १० अंशांत एकवटल्यावर मिळते. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तळाची वाळूही लाटांनी उसळत राहते आणि अशा गढूळ पाण्यात रुंद झोत लावला की धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावल्यावर होते तेच होते: प्रत्येक कण उजळून डोळ्यांपुढे पांढरा पडदा उभा राहतो. अरुंद झोत कडेच्या कणांना फारसा लागत नाही, त्यामुळे कपारीतला वाम मासाही दिसतो.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. रात्रीच्या डायव्हमध्ये विजेरीने सावकाश गोल फिरवले तर ‘ठीक आहे’, आणि झपाझप आडवे हलवले तर ‘इकडे लक्ष द्या’ असा अर्थ होतो. हे संकेत वाळूवर उमटायला ठळक ठिपका लागतो; पसरट उजेडात ते जोडीदाराच्या लक्षातही येत नाहीत.

केवळ ‘आयपीएक्स ८’ छापलेली विजेरी मात्र घेऊ नये. १ मीटरपेक्षा खोल पाण्यात, उत्पादकाने स्वतः ठरवलेल्या अटींवर ती टिकते, एवढेच ती खूण सांगते. डायव्हिंगसाठी किती मीटरपर्यंत चालेल, हे स्वतंत्रपणे लिहिलेले असले पाहिजे.

प्रवाळप्रेमी:
आपली सारी मांडणी गढूळ पाण्यावर उभी आहे आणि तिथेच माझी असहमती आहे. अभ्यासक्रम झाल्यावर आपल्यातले बरेच जण अंदमान किंवा लक्षद्वीपला जातात, तेही दिवसा, नितळ पाण्यात. तिथे विजेरी लागते ती रंगांसाठी. पाणी लाल रंग पहिल्या ५ ते १० मीटरांतच जवळजवळ शोषून घेते, म्हणून १५ मीटरवर लालभडक स्पंज करडा-काळपट दिसतो. विजेरीच्या प्रकाशालाही स्पंजापर्यंत जाऊन डोळ्यापर्यंत परत यायचे असते. म्हणजे ३ मीटरवरच्या वस्तूसाठी ६ मीटर पाणी कापावे लागते आणि तोवर लाल रंग पुष्कळसा गेलेला असतो. तेव्हा रंग दाखवण्याचे काम विजेरी फार तर हाताच्या अंतरावर करते, आणि एवढ्या जवळून अरुंद झोत टाकल्यास मधोमध एक पांढराफटक डाग आणि भोवती अंधार, असे चित्र मिळते. छायाचित्रात तर तो डाग आणखी खटकतो. ९० पटींचा आपला हिशेब कागदावर बरोबर असेल, पण प्रत्यक्षातल्या परावर्तकातून कडेलाही भरपूर प्रकाश सांडतो.

शंकेखोर:
मुळात विकत घ्यावीच का? मालवणला पर्यटकांना जी बुडी मारवतात, ती उथळ पाण्यात, दिवसाउजेडी आणि प्रशिक्षकाचा हात धरून असते. पुढे रात्रीचा डायव्ह करावासा वाटलाच, तर भाड्याची विजेरी पुरते.

दर्यावर्दी:
प्रवाळप्रेमी, रंगांचा मुद्दा बिनतोड आहे. छायाचित्रासाठी रुंद झोतच हवा. परंतु तो दुसऱ्या खरेदीचा विषय आहे. रात्री प्रत्येकाजवळ एक मुख्य आणि एक राखीव विजेरी असावी असे प्रशिक्षणातच शिकवतात. त्यांतली मुख्य अरुंद झोताची असावी, एवढाच माझा आग्रह आहे.

भाड्याच्या विजेरीबाबत मात्र मी शंकेखोर यांच्याशी मुळीच सहमत नाही. तिचे झाकण उघडून ओ-रिंग, म्हणजे पाणी आत येऊ न देणारे रबरी कडे, नीट पाहावी: खाचेत मिठाचे खडे, वाळूचा कण किंवा रिंगवर आडवा पडलेला एखादा केस असतो आणि पाणी शिरायला तेवढी फट पुरते. स्वतःच्या विजेरीची रिंग आपण गोड्या पाण्याने धुतो, तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देतो. दिवसभरात दहा हातांतून फिरलेल्या विजेरीची ही निगा कोण राखणार? त्यातही डोके फिरवून पेटणाऱ्या विजेरीत प्रत्येक वेळी रिंग घासली जाते, म्हणून चुंबकी बटणाची विजेरी मला अधिक भरवशाची वाटते.

प्रवाळप्रेमी:
अरुंद आणि रुंद असे दोन्ही झोत असलेली एकच विजेरी आता मिळते. मग दोन खरेद्या कशाला?

दर्यावर्दी:
तिचा सेल एक, बटण एक आणि ओ-रिंगही तीच. पाणी शिरले तर दोन्ही झोत एकदमच जातात, त्यामुळे राखीव विजेरीची गरज तशीच उरते.

सेलवाला:
झोताच्या वादात सेल मागे पडला आहे. एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या विजेऱ्यांसाठीच्या एफएल १ मानकानुसार छापलेला चालण्याचा कालावधी म्हणजे प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. त्यामुळे ‘दोन तास’ असे छापले असले तरी पूर्ण उजेड दोन तास राहील असे नाही. प्रकाश कसा उतरत जातो याचा आलेख मागावा आणि तो न मिळाल्यास दुसरी विजेरी पाहावी. अंदमानला विमानाने जाणाऱ्यांनी सुटे १८६५० किंवा २१७०० आकाराचे लिथियम सेल टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या सामानातच ठेवावेत. चेक-इनच्या बॅगेत सुटे लिथियम सेल चालत नाहीत.