साप बेडूक धरून बसलाय पण विळखा नाही, विषारी आहे का? लवकर सांगा

घाईत_आहे: बिनविषारी साप विळखा घालून मारतात ना? हा नुसता तोंडात धरून बसलाय, बेडूक जिवंत आहे आणि ओरडतोय. म्हणजे विषारीच समजायचा का? घरात काठी शोधणं चालू झालंय, पटकन बोला.

पाणकोंबडा: रंग? लांबी? पाण्याजवळ आहे का? काहीच न सांगता आम्ही ओळखायचं कसं? काठी आधी ठेवायला लावा.

घाईत_आहे: साधा साप, पिवळट. जवळ गेलो तर मान चपटी केली, नाग तर नाही ना??

रानवाटा: विळख्यावरून काहीच ठरत नाही हो. अजगर, मांडूळ, तस्कर विळखा घालतात, धामण भक्ष्याला अंगाखाली दाबून धरते आणि दिवड तर बेडूक जिवंतच गिळते, दात आत वळलेले असतात त्यामुळे बेडूक धडपडला तरी सुटत नाही.

जुना_मेंबर: विळखा म्हणजे श्वास कोंडून मारणे. सोपं आहे.

रानवाटा: श्वास नाही, रक्त थांबतं. 2015 मध्ये बोआच्या विळख्यातल्या उंदरांचा रक्तदाब मोजला होता, काही सेकंदांतच कोसळला.

जुना_मेंबर: आम्ही शाळेत गुदमरूनच शिकलो.

रानवाटा: दिसतंय ते.

सुमनकाकू: साप चावल्यास दोरी आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, लगेच हॉस्पिटल गाठावे.

पाणकोंबडा: काकू, चावलाय कुणाला?

घाईत_आहे: अहो माझं बघा ना कुणीतरी, फोटो टाकलाय.

पाणकोंबडा: हा फोटो आधी टाकायचा ना! अंगभर काळे चौकटे, डोळ्याखाली एक आणि मागे एक अशा तिरप्या काळ्या रेघा. दिवड आहे, बिनविषारी. मान चपटी करणं हे सगळं घाबरवायचं नाटक, विष नाही तर सोंग तरी. मांडूळ नाही का डोकं अंगाखाली लपवून शेपटी पुढे करत, आणि कवड्या तर दिसायलाच मण्यारीसारखा, त्यात बिचारा फुकट मारला जातो. पण हात लावू नका, दिवड तापट असते, कडकडून चावते आणि रक्त येतं. लांबूनच बघा, जास्त त्रास दिलात तर बेडूक टाकून पळेल.

सुमनकाकू: धामण गाईचे दूध पिते हे खरे का?

रानवाटा: नाही काकू. ते दात आचळाला लागले तर गाय उभी राहील का?

घाईत_आहे: काकू प्लीज, नवीन धागा काढा. गिळायला किती वेळ लागतो तेवढं सांगा, इथे सगळे काठी घेऊनच उभे आहेत.

पाणकोंबडा: बेडूक केवढा आहे?