शेजाऱ्याचं कुत्रं आईला चावलं, मालकावर केस होते का?

पेठकरी:
आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत शेजाऱ्यांनी रॉटवायलर पाळलाय. काल सकाळी आई दूध आणायला निघाली तर त्यांचं गेट उघडंच, कुत्रं धावून आलं आणि पोटरीला दात खोल लागलेत, साडी फाटली, म्हातारं माणूस रस्त्यातच खाली बसलं. सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात नेऊन रेबीजची इंजेक्शनं सुरू केलीत. मालक म्हणतोय लस दिलीय काय होत नाही, तुमच्या आईनंच हाकललं असंल, आणि वर पाचशे रुपये टेकवायला बघतोय. मागं सिलिंडर देणाऱ्या पोरालाही हेच चावलं होतं. पोलिसात जाता येतं का, का उगंच हेलपाटे?

कोर्टकचेरी:
येतं की. भारतीय न्याय संहिता कलम 291 बघा. जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना मालकानं जाणूनबुजून किंवा हयगयीनं बंदोबस्त केला नाही तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. 1 जुलै 2024 च्या आधी हेच आयपीसीचं (जुन्या भारतीय दंड संहितेचं) कलम 289 होतं, तेव्हा दंड 1000 च होता. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. सिलिंडरवाल्या पोराला गाठाच, कुत्रं चावतंय हे मालकाला आधीच ठाऊक होतं हे त्याच्या जबाबातनंच दिसणार. सीसीटीव्ही आजच मागा, फुटेज पुसलं जातं, केसपेपर आणि बिलं जपून ठेवा. दवाखान्याचा खर्च पाहिजे तर नोटीस द्या, नाहीतर दिवाणी दावा. आणि बायकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आईच्या नावानं अर्ज करा.

रंकाळावाली:
केस होईल तेव्हा होईल, आधी आईंचं बघा ओ. कुत्र्याला लस दिलीय म्हणून आपली इंजेक्शनं सोडायची नाहीत, दंडाच्या स्नायूत घेत असाल तर 0, 3, 7, 14, 28 या दिवसांना, 0 म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस. जखम खोल आहे म्हणताय तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) दिलं का ते डॉक्टरांना आजच विचारा.

दादा_शाहूपुरी:
शेजार आहे, मिटवलं तर बरंच, पण तोंडी नको. सगळा खर्च आणि कुत्रं साखळीला, मुसकी घालूनच बाहेर, हे सहीनिशी लिहून घ्या. ऐकत नसंल तर सरळ पोलीस स्टेशन.

पेठकरी:
इम्युनोग्लोब्युलिन दिलंय, केसपेपरवर आहे. पण मालक आता कुत्रं गावाकडं शेतात सोडतो म्हणतोय, जाऊ दे का?

रंकाळावाली:
अजिबात नको! चावल्यापासनं 10 दिवस ते डोळ्यासमोर पाहिजे, आजारी पडलं किंवा मेलं तर डॉक्टरांना लगेच कळलं पाहिजे. तक्रारीतच लिहा हे.