मदत हवी आहे : शाळेला शिक्षक मिळावा म्हणून नगरसेवकांकडे नेमके काय मागावे?

रानजाई : आमच्या शाळेत जूनपासून एकाच बाईंना पाच वर्ग सांभाळावे लागत आहेत. नगरसेवकांकडे तीनदा जाऊन आलो. त्यांनी स्वतःचे नाव रंगवलेले बाक दिले, शिक्षक मात्र आलाच नाही. सोमवारी पुन्हा जायचे आहे. अर्जात काय लिहावे, ते कृपया लवकर सांगा.

कोरा कागद : शाळा महापालिकेची की नगरपरिषदेची, पट किती, मंजूर पदे किती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

निवृत्त गुरुजी : ताई, नगरसेवकांचा नाद सोडा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीचा ठराव करून शिक्षण विभागाकडे पाठवा. आमच्या शाळेला याच वाटेने दोन शिक्षक मिळाले.

कडूलिंब : गुरुजी, ठराव कपाटात पडून राहतात. सभागृहात प्रश्न विचारायला आणि अंदाजपत्रकात तरतूद करून घ्यायला नगरसेवकच लागतो. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते कोणाच्या ठरावाची वाट पाहून नव्हे.

निवृत्त गुरुजी : ते राजे होते. विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांनाही सक्तीचा अधिकार दिला होता; म्हणून सगळ्यांनी तो वापरला असे झाले नाही.

सोनचाफा : मुलीला २५ टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत का घालत नाही?

रानजाई : ती चौथीत आहे आणि त्या जागा प्रवेशाच्या पहिल्याच वर्गात मिळतात. शिवाय शाळा बदलायची आहे, असे मी म्हटलेलेच नाही. शाळा महापालिकेची, पहिली ते पाचवी, पट ६४. दुसऱ्या शिक्षकांची बदली झाली. ११ मुलांचे आधार जुळत नाही असे बाई म्हणाल्या होत्या, पण त्याचा येथे संबंध नसावा.

कोरा कागद : संबंध तेथेच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक वर्गांत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तीन. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे द्यायची याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि हल्ली त्यात आधार जुळलेलीच मुले धरतात, म्हणजे कागदावर तुमचा पट ५३. नगरसेवक शिक्षक नेमू शकत नाहीत. मात्र शाळेत आधार शिबिर लावून घेणे आणि रिक्त असलेल्या दुसऱ्या पदाविषयी प्रशासनाला लेखी जाब विचारणे त्यांच्या हातात आहे. अर्जात एवढ्या दोनच मागण्या लिहा.

रानजाई : आभार. परंतु त्या ११ पैकी सहा मुले बांधकामाच्या जागेवर राहतात आणि त्यांचे जन्मदाखलेच नाहीत. ते कोठून काढायचे?