मदत हवी आहे: मिसिसिपीच्या आगबोटींना जास्त दाबाचं इंजिन का?

नमस्कार मंडळी,

साखर कारखान्यात ३१ हंगाम बॉयलरवर काढून निवृत्त झालो. सध्या अमेरिकेत लुईव्हिलला मुलीकडे आलोय. इथे ओहायो नदीवर (ही पुढे मिसिसिपीला मिळते) १९१४ सालची 'बेल ऑफ लुईव्हिल' ही आगबोट अजून वाफेवर चालते. ती पाहिल्यापासून डोक्यात एकच विषय आहे.

आगबोटींच्या आधी इथले शेतकरी धान्य, खारवलेलं मांस, व्हिस्की चपट्या होड्यांत भरून प्रवाहाबरोबर न्यू ऑर्लिन्सला नेत. तिथे माल विकायचा, होडीसुद्धा लाकडाच्या भावाने विकायची आणि पायी घरी यायचं. माणसांच्या जोरावर होडी प्रवाहाविरुद्ध लुईव्हिलपर्यंत आणायची तर तीन-चार महिने लागत. १८१५ मध्ये 'एंटरप्राइझ' ही आगबोट तेच अंतर २५ दिवसांत चढून आली. सगळ्या खोऱ्याचा व्यापार का बदलला, हे मला यावरून कळलं.

अडलंय ते इंजिनापाशी. १८०७ मध्ये रॉबर्ट फुल्टनची आगबोट हडसन नदीवरून न्यूयॉर्कहून ऑल्बनीला गेली ती जेम्स वॅटच्या धर्तीच्या, कंडेन्सर (वापरलेली वाफ थंड करून तिचं पाणी करणारा भाग) असलेल्या कमी दाबाच्या इंजिनावर. मग ओहायो-मिसिसिपीसारख्या पश्चिमेच्या नद्यांवर आगबोटी बांधणाऱ्या हेन्री श्रीव्ह आणि इतरांनी जास्त दाबाचं का निवडलं? श्रीव्हच्या 'वॉशिंग्टन' या आगबोटीचा बॉयलर १८१६ मध्येच फुटून माणसं गेली. १८३८ मध्ये सिनसिनाटीला 'मोझेल' फुटली, शंभराहून जास्त माणसं मेली. आमच्या कारखान्यात बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) झाल्याशिवाय हंगाम सुरू होत नसे. हे वाचताना जीव कासावीस होतो. जाणकारांनी कृपया सांगावं.

गाळपेर:
काका, प्रश्न आवडला. कारण बरंचसं नदीतच आहे. कंडेन्सरवालं इंजिन अवजड आणि महाग, आणि उन्हाळ्यात ओहायोचं पाणी इतकं उतरे की बोट जेमतेम तीन-चार फूट पाण्यात तरंगायला हवी. कंडेन्सरला थंड पाणी सतत लागतं, आणि मिसिसिपीचं पाणी म्हणजे गाळच. जास्त दाबाचं इंजिन हलकं, सुटसुटीत. गावातला लोहारही थोडंफार दुरुस्त करू शके. वाळूच्या दांड्यावरून किंवा जोराच्या प्रवाहातून बोट काढायला ऐनवेळी जादा ताकद मिळे. लाकूड जास्त जळे, पण काठावर जंगलच होतं. हडसनवर पाणी खोल, त्यामुळे तिथे कमी दाबाची इंजिनं टिकली.

आता तुमच्या कामाची गोष्ट. सुरुवातीच्या बोटींत फीड पंप, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणारा पंप, मुख्य इंजिनावरच चाले. बोट धक्क्याला लागली की चाक बंद, पंपही बंद. खाली आग मात्र धगधगतेय, म्हणजे बॉयलरमधलं पाणी उतरत जाणार. 'मोझेल' धक्का सोडताच फुटली.

काठावरची:
एक भर घालते. बॉयलर फुटण्यापेक्षा जास्त बोटी पाण्याखाली रुतलेल्या झाडांच्या खोडांनी बुडवल्या. श्रीव्हनेच १८२९ मध्ये ती खोडं उपटणारी 'हेलिओपोलिस' बांधली. आणि या व्यापाराबद्दल बोलताना एक विसरू नये: खाली जाणाऱ्या बोटींवरच्या कापसाच्या गाठी गुलामांच्या श्रमाच्या होत्या, आणि त्याच बोटींतून गुलाम माणसंही दक्षिणेला विकायला नेली जात. भट्टीत लाकूड टाकणाऱ्यांतही कितीतरी गुलाम असत.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. पंपाची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. पाणी उतरून नळ्या उघड्या पडल्या की काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. भट्टीवरच्या माणसांचाही मी विचारच केला नव्हता, ते बरं झालं ताई. अजून एक सांगा: गेज ग्लास (बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी) नव्हती का? पाणी किती आहे ते कळायचं कसं?

गाळपेर:
बॉयलरच्या तोंडावर वेगवेगळ्या उंचीला तीन तोट्या असत. उघडून बघायचं, वाफ येते की पाणी. पुढे इंजिनापासून वेगळा चालणारा फीड पंप आला. त्याला नदीवरची माणसं 'डॉक्टर' म्हणत. १८५२ च्या कायद्याने बॉयलरची दाबचाचणी आणि इंजिनियरला परवाना सक्तीचा केला.

धागाकर्ता:
म्हणजे १८३८ नंतर आणखी चौदा वर्षं. रविवारी पुन्हा 'बेल'वर जातोय. फीड पंप कुठे बसवलाय ते इंजिनरूममधल्या माणसाला विचारतो आणि इथे लिहितो.