प्रिंट काळपट येते, स्क्रीनवर मात्र झकास! मदत हवी आहे

मंडळी, आईबाबांना १२ × १८ इंची फोटो फ्रेम करून द्यायचाय. पालखी पुण्यात आली त्या संध्याकाळचा. लॅपटॉपवर भगव्या पताका नुसत्या पेटलेल्या दिसतात. प्रिंटवर त्याच विटकरी, आणि वारकऱ्यांचे चेहरे सावलीत गडप. पांढऱ्या टोप्या तेवढ्या ठीक.

लॅबवाले म्हणतात, "फाइलच तशी आहे." फाइल एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत), जेपेग, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणला तर फोटो बराचसा प्रिंटसारखाच दिसतो, म्हणजे काळपटपणाचं कोडं सुटलं. कागद काही स्वतः उजेड देत नाही. पण भगव्याचं काय? सॉफ्ट प्रूफिंग करून बघावं, म्हणजे प्रिंट कशी येईल ते आधीच स्क्रीनवर दिसेल, म्हणून आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या प्रिंटर-कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागितलं, तर काउंटरवरचा पोरगा माझ्याकडे बघतच राहिला.

पेठांत किंवा डेक्कनकडे कागदानुसार प्रोफाइल देणारी, ऑटो करेक्शन (मशीनने आपोआप रंग-उजेड बदलणं) बंद ठेवणारी लॅब माहीत आहे का कोणाला? मॉनिटर कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून नीट करायचं यंत्र) भाड्याने मिळतो का? एका फोटोसाठी विकत घेणं जिवावर येतं. आणि कागद मॅट (बिनचकाकीचा) घेऊ की लस्टर (किंचित चकाकीचा)? मॅटवर काळा फिका पडतो, पण फ्रेमच्या काचेमागे तो फरक कितपत जाणवतो? फ्रेम हॉलमध्ये पिवळ्या बल्बखाली लागणार आहे, बाबा तो बदलू देणार नाहीत.