उन्हाळ्यातला सराव आणि कुत्र्यांचं पाणी: किती, कधी, कसं पाजता?

निपाणी_मळा
नमस्कार मंडळी. मळ्यावर तीन कुत्री आहेत. दोन मुधोळ (२२ आणि २६ किलो) आणि एक जर्मन शेफर्ड (३४ किलो). राखणीचा आणि माग काढायचा सराव सकाळी सात ते नऊ. सरावात पाणी समोर धरलं तर तिघंही तोंड फिरवतात. परत आल्यावर शेफर्ड अख्खं पातेलं एका दमात रिकामं करतो आणि पाच मिनिटांत ओकतो. रोज किती पाणी पोटात जायला हवं? सरावात कसं पाजायचं? ओआरएस चालतं का? आणि पाणी कमी पडलंय हे वेळेत कसं ओळखायचं?

घटप्रभा_काठ
दादा, आधी वेळ बदला. एप्रिल-मेमध्ये सात ते नऊ म्हणजे निम्मा सराव उन्हातच. साडेपाचला सुरू करा, साडेसातला पट्टा काढा. संध्याकाळी हवा गार वाटली तरी डांबर आणि जांभ्याचं मैदान तापलेलंच असतं. तळहाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवून बघा. टिकत नसेल तर तिथं सराव नाही.

आता प्रमाण. बसून असलेल्या कुत्र्याला किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे तुमच्या २६ किलोच्या मुधोळला दीड लिटरच्या आत-बाहेर. उन्हात काम असेल तर तेच दुप्पट-तिप्पट होतं. हे सगळं भांड्यातून जायला पाहिजे असं नाही. कोरड्या दाणेदार खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं. ३०० ग्रॅम खाद्य ६०० मिली पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवलं की तेवढं पाणी कुत्र्याला न कळता पोटात जातं. जोंधळ्याची भाकरी घालत असाल तर कोरडी घालू नका, बिनमिठाच्या सुपात कुस्करा. भिजवलेलं उरलं तर फेकायचं. या दिवसांत तासा-दोन तासांत आंबतं.

सरावात न पिण्याचं कारण म्हणजे कुत्रं तेव्हा कामाच्या तारेत असतं, तहान त्याच्या लेखी दुय्यम. म्हणून पाणी आधीच आत गेलेलं पाहिजे. निघायच्या तासभर आधी २५० मिली पाण्यात दोन चमचे चिकनचं पाणी मिसळून द्या. चिकन नुसतं उकडायचं. मीठ, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, थोडा-थोडा रोज गेला तरी. वास आला की पाण्याला नाक मुरडणारं कुत्रंही भांडं चाटून काढतं. मग मैदानावर दर दहा-पंधरा मिनिटांनी काम थांबवा, सावलीत न्या, धाप थोडी उतरू द्या आणि हेच वासाचं पाणी १०० ते १५० मिली पाजा. पाणी पिणं हाही हुकूम म्हणून शिकवता येतो. प्यायलं की चेंडू. आठवडाभरात स्वतःहून भांड्याकडे जायला लागतं.

शेफर्ड ओकतो ते घाईनं. तापलेलं, धापा टाकणारं कुत्रं पाण्याबरोबर हवाही गिळतं. आल्या-आल्या पातेलं समोर नको. वाटीभर, पाच मिनिटं थांबून पुन्हा वाटीभर. पूर्ण जेवण धाप पूर्ण उतरल्यावर दीड-दोन तासांनी, आणि सरावाआधी तीन-चार तास पोटभर खाणं नाही. शेफर्ड काय, मुधोळ काय, छाती खोल असलेल्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडायचा धोका असतो. पोट फुगून टणक झालं, ओकायचा प्रयत्न होतोय पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळतेय, तर उद्या बघू म्हणायचं नाही. त्याच तासात डॉक्टर.

पशुवैद्यक_खानापूर
वरचं बहुतेक बरोबर आहे. ओआरएसबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण इथं हटकून कोणीतरी 'पाजा बिनधास्त' म्हणणार.

माणूस घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही गमावतो. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, तोही नावापुरता. ते गार होतं धापेनं: जीभ आणि नाकाच्या ओल्या आवरणावरून पाणी उडून जातं. म्हणजे जातं ते मुख्यतः पाणीच, मीठ फार नाही. म्हणून तासा-दीड तासाच्या सरावाला साधं पाणी पुरतं. जुलाब-उलट्या झाल्या असतील किंवा दिवसभर काम असेल तर ओआरएसचा विचार करा. पुडी लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवायची, साधारण एक लिटर, आणि शेजारी साध्या पाण्याचं भांडं ठेवायचंच. घट्ट केलेलं ओआरएस उलट आतड्यात पाणी ओढतं. बाटलीतली 'शुगर-फ्री' पेयं तर हातही लावू नका. काहींत झायलिटॉल हा साखरेऐवजीचा गोड पदार्थ असतो, त्यानं कुत्र्याची साखर धाडकन उतरते आणि यकृतही बिघडतं.

मुधोळचं एक लक्षात ठेवा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची परीक्षा सगळे सांगतात, पण अंगावर चरबी नसलेल्या कुत्र्यात ती फसवते. कातडी तशीही सावकाश बसते. त्यापेक्षा हिरड्या बघा. ओल्या, बुळबुळीत असल्या तर ठीक. बोट चिकटायला लागलं की पाणी कमी. हिरडी दाबून सोडा, पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. सगळ्यात भरवशाचा मात्र वजनकाटा. सरावाआधी आणि नंतर वजन करा. अर्धा किलो घटलं म्हणजे जवळपास अर्धा लिटर पाणी गेलं, ते पुढच्या काही तासांत थोडं-थोडं भरून काढायचं.

तोंडाला बंद चामडी मुसकी बांधून उन्हात सराव घेत असाल तर ते बंद करा. जबडा उघडला नाही तर धाप लागणार कशी? तारेची पिंजऱ्यासारखी मुसकी घ्या, जिच्यातून पूर्ण तोंड उघडून धापता येतं आणि पाणीही पिता येतं.

निपाणी_मळा
सगळ्यांचे आभार. डॉक्टर, परवा वळवाची सर पडून गेल्यावर हवा गार झाली म्हणून संध्याकाळी जास्त पळवलं, तर मोठा मुधोळ नेहमीपेक्षा लवकर दमला. पाणी तर व्यवस्थित प्यायला होता. असं का?

पशुवैद्यक_खानापूर
दमट हवा. धापेचा उपयोग जिभेवरचं पाणी उडण्यात आहे. हवेतच ओल भरलेली असली की ते उडत नाही, कुत्रं नुसतं धापतं आणि अंग तापत राहतं. वळीव पडून गेल्यावरची ती गार वाटणारी संध्याकाळ कुत्र्याला कोरड्या उन्हापेक्षा जड जाऊ शकते. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत सरावलेलं कुत्रं जूनमध्ये खानापूरच्या दमट भागात आणलं तरी हेच होतं. नव्या हवेला अंग सरावायला दोन-तीन आठवडे द्या, वेळ हळूहळू वाढवा.

आणि पोटात पाणी भरपूर आहे म्हणजे ऊन लागणार नाही, असं नाही. पाणी धापेला लागतं, पण कामामुळं स्नायूंत तयार होणारी उष्णता धापेपेक्षा जास्त झाली की भरल्या पोटीही कुत्रं कोसळतं.

शहापूर_बेळगाव
अण्णा, एक बारकी गोष्ट कोणी बोललं न्हाई. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी पाजूलालाय काय? दुपारनंतर हात घालून बघा वो, चहाचं आधण वाटतंय. कुत्रं नाक लावून माघारी फिरतंय आणि आपण म्हणतोय तहान न्हाई. माठात नाहीतर रांजणात भरून ठेवा, भांडं सावलीत, स्टीलचं. बाहेरगावी सरावाला नेलं तर पाणी घरचंच न्या. बोअरचं जड पाणी नव्या ठिकाणचं असलं की कुत्री पीत न्हाईत. कालव्याकडंच्या साचलेल्या डबक्यात तोंड घालू देऊ नका, उंदराच्या मुतानं लेप्टोचा रोग होतंय. लस वर्षाची वर्षाला टोचून घ्या.

ताक चालतंय, पातळ, बिनमिठाचं, वाटीभर. आंबील पण चालती, पण घरच्या आंबिलीत लसूण-मीठ असतंय, ती न्हवं.

घटप्रभा_काठ
शहापूरकरांचं पटलं. ताकानं काहींचं पोट बिघडतं, तेवढं पहिल्या वेळी चमच्यानं देऊन बघा.

थांबायचं कधी, हेही लिहून ठेवतो. जीभ खालून रुंद होऊन टोकाला वळली, डोळे बारीक झाले, चेंडू दाखवूनही सावलीकडेच ओढ आहे, की सराव संपला. माग काढणाऱ्या कुत्र्याचं अजून आधी कळतं: धापणारं कुत्रं धड हुंगत नाही, त्यामुळं माग चुकायला लागला तर आधी त्याच्या जिभेकडं बघा, मग चूक शोधा.

डिजिटल थर्मामीटर ठेवाच. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात. नेहमीचं १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. जोरात काम केल्यावर १०५ पर्यंत जाऊन उतरणं तंदुरुस्त कुत्र्यात दिसतं. पण काम थांबल्यावरही पाच-दहा मिनिटं ताप चढतच राहतो, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि आकडा उतरतोय का ते बघायचं.

पशुवैद्यक_खानापूर
१०६ च्या वर गेलं, किंवा चाल लटपटली, वांती-जुलाब झाले, नजर हरवली, तर आकड्याची वाट न पाहता आधी गार करा आणि मग दवाखाना. नळाचं साधं पाणी सगळ्या अंगावर ओता, पोट आणि मांड्यांच्या आतल्या बाजूसह. गुरांचा हौद जवळ असेल तर मान वर धरून त्यात उतरवा. वारा घाला. ओलं पोतं किंवा टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, थोड्या वेळात तो तापतो आणि आतली उष्णता कोंडतो. १०३.५ ला पाणी ओतणं थांबवा, पुढं आपोआप उतरतं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते सरळ फुप्फुसात जातं. आणि कुत्रं उठून शेपटी हलवायला लागलं तरी तपासून घ्या. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचा बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वर येतो.

तोवर घरी एक शिकवून ठेवा: स्वतःहून डोकं पाण्यात बुडवणं. रिकाम्या टबात खाऊ टाका, तो उचलू द्या. मग दोन बोटं पाणी, मग चार, मग नाक आणि डोळे बुडतील एवढं. बुडणारा खाऊ घ्या, उकडलेल्या काळजाचे तुकडे चांगले. मानेला हात लावून दाबायचं नाही. एकदा दाबलंत की ते टबाजवळ पुन्हा येणार नाही. नंतर कान कोरडे पुसा.

निपाणी_मळा
उद्यापासून साडेपाच. वजनकाटा दुधाच्या डेअरीतून मिळेल, मुसकी आजच बदलतो. शेफर्डला टब दाखवला तर आधी आत बसेल, ते बघू.