कैदेत राबवलेल्या मुलावरच गुन्हा: इंग्लंडच्या कायद्यातले कलम ४५ उपयोगी पडेल का?

प्रश्न (मुक्काम लेस्टर):
नमस्कार. मी कोठडीतल्या परदेशी तरुणांना भेटायला जाते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून लिहीत आहे. एका व्हिएतनामी मुलाला पोलिसांनी गांजाची लागवड असलेल्या घरातून पकडले. खिडक्यांवर आतून काळे प्लास्टिक ठोकलेले, दाराला बाहेरून कुलूप, आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी नूडल्सची पाकिटे टाकून जायचे. प्रवासाचे कर्ज फिटेपर्यंत झाडांना पाणी घालायचे, एवढेच त्याला ठाऊक होते. तेव्हा तो १७ वर्षांचा होता, आता त्याला १८ पूर्ण झाली आहेत. कबुली दिल्यास शिक्षा कमी होईल असे त्याला सांगण्यात आले असून, तोही आता थकून तयार झाला आहे. त्याला काही बचाव आहे का?

उत्तर (फौजदारी वकील):
आहे, आणि म्हणूनच कबुलीची घाई त्याने मुळीच करू नये. २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी ॲक्टमधील (आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यातील) कलम ४५ नेमके यासाठी आहे. प्रौढ आरोपीच्या बाबतीत सक्ती झाली होती का, ती गुलामगिरीतून किंवा शोषणातून आली होती का, आणि त्याच्यासारख्या माणसाला दुसरा व्यवहार्य मार्ग होता का, हे पाहिले जाते. कृत्याच्या वेळी वय १८ पेक्षा कमी असेल, तर सक्ती दाखवावी लागत नाही; कृत्य शोषणाचा थेट परिणाम होते आणि त्याच्या परिस्थितीतल्या समंजस मुलाने तेच केले असते, एवढे पुरते. आजचे वय येथे गैरलागू आहे. खून, अपहरण, जबरी चोरी अशा अनेक गुन्ह्यांना हा बचाव मिळत नाही, परंतु गांजाची लागवड त्या यादीत नाही. शिवाय २०१८ च्या एम.के. खटल्यापासून हे स्पष्ट आहे की आरोपीने बचावाला पुरेसा पुरावा समोर ठेवला की तो खोडून काढण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते.

उत्तर (लंडनकर):
एक सावधगिरी सुचवतो. तो गुलामगिरीचा किंवा मानवी तस्करीचा पीडित असल्याचा शासकीय निर्णय आला तरी तो ज्यूरीपुढे पुरावा म्हणून ठेवता येत नाही, असे अपील न्यायालयाने २०२१ मध्ये ब्रेकानी खटल्यात ठरवले. त्यामुळे ते बाहेरचे कुलूप लाखमोलाचे आहे. पोलिसांच्या छायाचित्रांत ते दिसते का, हे वकिलांना आत्ताच तपासायला सांगा. पीडित असल्याचा तो शासकीय निर्णय सरकारी वकिलांपुढे मात्र मांडता येतो, कारण खटला चालवावा की नाही हे त्यांनी ठरवायचे असते. गांजाच्या घरांतच सापडलेल्या आणि कबुली देऊन बसलेल्या दोन व्हिएतनामी मुलांच्या बाबतीत, त्यांची पीडित म्हणून वेळीच चौकशी न केल्याबद्दल, युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनला दोषी धरले.

उत्तर (नागपूरची वाचक):
आपल्याकडे असे वेगळे कलम नाही, याची मला फार खंत वाटते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३२ धमकीखाली केलेल्या कृत्याला संरक्षण देते, पण धमकी तत्काळ मृत्यूची असावी लागते. म्यानमारमध्ये पासपोर्ट काढून घेऊन ऑनलाइन फसवणुकीला जुंपलेल्या आपल्या मुलांना मारहाण होते, उपाशी ठेवले जाते. ही सक्ती त्या मोजपट्टीत कशी बसवायची?

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. पुढच्या तारखेआधी वकील बदलून घेण्याविषयी त्याच्याशी बोलते, आणि कुलपाचेही विचारते.